घाबरेपणावरच्या गोळीची पार्श्वभूमी

पेरणी झाली की पाऊस दडी मारतो, सोसायटीचं कर्ज थकलेलं असतंच. मग 'जीव घाबरते, झोप लागत नाही' म्हणत माणूस तालुक्याचा दवाखाना गाठतो आणि बऱ्याचदा अल्प्राझोलामची चिठ्ठी घेऊन परततो. यवतमाळ, वाशीमकडच्या खेड्यांत ही गोळी आता अनोळखी राहिलेली नाही.

पूर्वी यासाठी बार्बिट्युरेट वर्गातली, गुंगी आणणारी औषधं देत. डोस जास्त झाला तर श्वास मंदावून माणूस दगावायचा. रोश या औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांनी बेन्झोडायझेपाइन हा नवा वर्ग शोधला. १९६० मध्ये लिब्रियम आलं, १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम. आपल्याकडे तेच 'काम्पोज' नावाने घरोघरी पोचलं. याच वर्गातल्या अल्प्राझोलामला अमेरिकेत १९८१ मध्ये परवानगी मिळाली. मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम ही औषधं वाढवतात, म्हणून तासाभरात धडधड बसते. पॅनिक अटॅकने हवालदिल झालेल्याला हा आधार मोठा असतो, तो नाकारू नये.

पण नव्या गोळ्या सुरक्षित, हा समज फार टिकला नाही. सवय लागते, डोस वाढवावासा वाटतो. ब्रिटनमधल्या औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्येच दोन ते चार आठवड्यांची मर्यादा सुचवली होती. रोजची गोळी एकदम बंद केली तर हातपाय थरथरतात, झोप उडते, कधी फिट येते. २०१५ मध्ये शेजारच्या तेलंगणात ताडीतली अल्प्राझोलामची भेसळ सरकारने रोखली, तेव्हा नियमित पिणारे लोक झटके आणि भास घेऊन दवाखान्यांत दाखल झाले होते. दारूसोबत ही गोळी घेतली तर श्वासच मंदावतो. मोहाची दारू जिथे सहज मिळते तिथे हे प्रत्येक रुग्णाला बजावून सांगायला हवं. म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, रात्री उठताना पडून खुब्याचं हाड मोडतं.

भारतात २०१४ पासून ही औषधं एच-वन यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या कडक यादीत आहेत. दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत नोंदवायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. प्रत्यक्षात घडी पडून फाटायला आलेली जुनी चिठ्ठी पुढे होते, कात्रीने पाकिटाची पट्टी कापून चार गोळ्या हातावर पडतात आणि नोंद राहून जाते. दोष एकट्या दुकानदारावर ढकलू नये असं मला वाटतं. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर महिन्यातून एकदा जाणंही जड. सुरू केलेली गोळी हळूहळू कमी करायला डॉक्टर भेटावा लागतो, आणि तोच भेटत नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. २०१५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प आणला. २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतही.