हातघाईवर येण्याआधी

संध्याकाळच्या गर्दीत म्हापशाहून पर्वरीकडे येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना घासतात. आरसा तुटतो. दोघेही चालक खाली उतरतात, "दोळे खंय आसात?" (डोळे कुठे आहेत?) असं एक जण ओरडतो, मागून हॉर्न वाजू लागतात. अशी बाचाबाची गोव्यात रोज होते आणि बहुतेक वेळा शिव्यांवर संपते. काही वेळा मात्र ती ठोशावर, बाटलीवर, कधी सुऱ्यावर जाते. नंतर दोन्ही घरांतली माणसं सांगतात की कारण तसं काहीच मोठं नव्हतं.

स्वसंरक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कराटेचा पांढरा पोशाख येतो. शाळेत मुलींसाठी शिबिर भरतं, मनगट सोडवण्याच्या दहा-पंधरा युक्त्या दाखवल्या जातात, प्रमाणपत्रं वाटली जातात. त्यामागची तळमळ खरी असते, याबद्दल मला शंका नाही. पण धोक्याच्या क्षणी शरीर आणि मेंदू काय करतात हे समजून घेतलं, तर स्वतःला वाचवण्याचं बरंचसं काम हात उगारला जाण्याआधीच उरकावं लागतं, हे लक्षात येतं. त्यानंतर फार थोडं हातात उरतं.

मेंदूत कानशिलांच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचे दोन पुंजके आहेत. त्यांना अमिग्डला म्हणतात. धोक्याची चाहूल लागली की आपला विचार पुरा होण्याआधीच ते इशारा देतात. मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी रक्तात अॅड्रिनलिन सोडतात. हृदय धडधडतं, श्वास वाढतो, यकृत साखर मोकळी करतं, पोटाकडचं रक्त दंड-मांड्यांकडे वळतं. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये या अवस्थेचं वर्णन 'लढा किंवा पळा' असं केलं. ताकद वाढते हे खरं, पण त्या बदल्यात बरंच काही जातं. बोटांची बारीक कामं बिघडतात, किल्ली कुलपात जात नाही, फोन उघडता येत नाही. नजर समोरच्या धोक्यावर खिळते आणि बाजूचं दिसेनासं होतं. त्या वेळी कोण काय ओरडत होतं, हेही अनेकांना नंतर आठवत नाही.

त्यातच निवड करायची असते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम एडमंड हिक यांनी १९५२ मध्ये दाखवलं की पर्यायांची संख्या वाढते तसा प्रतिक्रियेला लागणारा वेळही वाढत जातो. एकच दिवा लागताच एकच बटण दाबायचं असेल तर तरुण माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ पुरतो. दहा दिव्यांपैकी कोणता लागला हे पाहून नेमकं बटण शोधायचं असेल तर बराच जास्त वेळ जातो. आता शिबिरातल्या त्या पंधरा युक्त्या आठवा. हात थरथरत असताना पंधरांतली योग्य युक्ती कुणाला सुचणार? शिकवायच्याच असतील तर दोन किंवा तीन शिकवाव्यात, आणि अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घ्याव्यात.

वेळ किती कमी असतो, याचा अंदाज अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दिला. सराव असलेल्या पोलिसाला कमरेचं पिस्तूल काढून झाडायला सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्यात सुरा घेतलेला माणूस २१ फूट धावून येतो, म्हणजे गोव्याच्या सरकारी कदंब बसच्या निम्म्याहून जास्त लांबी. आपण मात्र रागावलेल्या माणसाशी हाताच्या अंतरावर उभं राहून वाद घालतो. तिथून आलेला ठोसा दिसला तरी चुकवता येत नाही, कारण तो दिसून अंग हलेपर्यंत लागलेला असतो. म्हणून मागे सरकणं हा स्वसंरक्षणाचा पहिला आणि सगळ्यात उपयोगी डाव आहे. दोघांच्या मध्ये गाडीचं बॉनेट, बाजारातलं टेबल, बाक, काहीतरी येऊ द्यावं. तळहात उघडे ठेवून छातीच्या उंचीवर धरावेत. समोरच्याला ती विनवणी वाटते आणि वेळ आलीच तर हात चेहऱ्याजवळ असतात.

मागे सरकण्याचा परिणाम समोरच्या माणसावरही होतो. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ ऑगस्टस किन्झेल यांनी १९७० मध्ये कैद्यांवर एक छोटा प्रयोग केला. खोलीच्या मध्यभागी उभ्या कैद्याकडे हळूहळू जायचं आणि "आता फार जवळ आलात" असं तो कधी म्हणतो ते मोजायचं. हिंसक इतिहास असलेल्या कैद्यांना आपल्याभोवती इतरांच्या जवळजवळ चौपट मोकळी जागा हवी होती, आणि पाठीमागून कुणी आलेलं त्यांना सगळ्यात असह्य व्हायचं. भडकलेल्या माणसाच्या खांद्यावर मागून हात टाकून "शांत हो" म्हणणारे भले लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. पहिला फटका अनेकदा त्यांनाच बसतो.

दारूचा विषय इथे टाळता येणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत उर्राकाचा, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूचा, हंगाम असतो, पुढे वर्षभर फेणी आणि बिअर आहेच, आणि बारबाहेरची भांडणं गावोगाव ठाऊक आहेत. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला फार पटतं. दारू लक्ष आकसून टाकते. सगळ्यात जवळचं आणि ठळक तेवढंच मनात उरतं. उद्याची नोकरी, पोलीस, घरी वाट पाहणारी मुलं हे सगळं नजरेआड होतं आणि नुकताच झालेला अपमान तेवढा दिसत राहतो. अशा माणसाला तर्काने समजावता येत नाही, कारण तर्क ज्या गोष्टींवर उभा राहतो त्या त्याला त्या क्षणी दिसतच नाहीत. त्याचं लक्ष दुसरीकडे वळवता मात्र येतं. "बाब, पाणी घे," "तुझी गाडी कुठे आहे?" असं साधं, हळू आवाजातलं बोलणं उपयोगी पडतं. त्याच्या मित्राला बोलावून त्याला बाजूला न्यायला सांगावं. चार मित्रांसमोर माघार घेणं तरुण मुलाला फार जड जातं, एकटा असला की तोच मुलगा निवळतो. माघार त्याने घेतली असं त्याला वाटलं नाही तर काम आणखी सोपं होतं. "चूक माझी, आरसा भरून देतो" एवढं म्हणून काढता पाय घ्यावा. चूक आपली नसली तरीही. आरशाच्या किमतीत एक जीव वाचत असेल तर तो व्यवहार स्वस्त आहे, असं माझं ठाम मत आहे. मोबाईल किंवा पर्स मागणाऱ्यालाही ती देऊन टाकावी.

हे सगळं करायला आपलं डोकं ठिकाणावर हवं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, कारण त्या वेळी हृदयाला आवरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम घट्ट होतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की दोन-तीन श्वासांतच थोडा ताबा परत येतो.

कॅनन यांच्या वर्णनात एक प्रतिक्रिया नव्हती, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं. कोंबडीला जमिनीवर दाबून धरलं की काही क्षणांनी ती निपचित पडते आणि हात काढला तरी तशीच राहते. युरोपात याची नोंद सतराव्या शतकापासून आहे. शिकारी प्राण्यांचं लक्ष हालचालीकडे जातं, म्हणून सुटकेचा मार्ग संपल्यावर शरीर स्वतःच थिजतं. माणसातही ही यंत्रणा आहे. जाणीव जागी असते, घडतंय ते कळत असतं, पण हातपाय हलत नाहीत आणि गळ्यातून आवाज फुटत नाही. ही प्रतिक्रिया कुणी ठरवून देत नाही आणि इच्छाशक्तीने ती मोडता येईलच असंही नाही.

स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी असं लक्षणीय थिजणं अनुभवलं होतं, ४८ टक्क्यांमध्ये ते अतितीव्र होतं. थिजलेल्या स्त्रियांना सहा महिन्यांनी नैराश्य आणि आघातोत्तर ताण यांचा त्रासही जास्त झालेला दिसला. यामागे एक कारण आपणही असू शकतो. "तू ओरडली का नाहीस?" हा प्रश्न तिला आई विचारते, मैत्रीण विचारते, शेजारी विचारतात. ती स्वतःला तर रोजच विचारत असते. उत्तर तिच्या मज्जासंस्थेत आहे, तिच्या स्वभावात किंवा संमतीत नाही. आपल्या कायद्यालाही हे मान्य आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणाने तिची संमती होती असं धरता येणार नाही. हे वाक्य प्रत्येक उच्च माध्यमिक विद्यालयात वाचून दाखवायला हवं, मुलग्यांच्या वर्गात तर आधी.

ज्या अनोळखी माणसाच्या भीतीने आपण मुलींना संध्याकाळी घरात बसवतो, तो बहुतेक वेळा हिंसा करणारा नसतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. जत्रेतलं नाटक पहाटे संपल्यावर "चल, घरी सोडतो" म्हणणारा वडिलांचा मित्र असू शकतो, नातेवाईक असू शकतो. अंधाऱ्या वाटेवर अनोळखी माणसाला ढकलून पळायची तयारी मुलगी करते, पण या माणसाला नुसतं "नको" म्हणताना तिची जीभ अडखळते. कारण लहानपणापासून तिला सांगितलेलं असतं की मोठ्यांना असं तोंडावर नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा.

कॅनडातल्या विंडसर विद्यापीठाच्या शार्लीन सेन यांनी नेमकं या अडखळण्यावर काम केलं. तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींपैकी निम्म्यांना त्यांनी बारा तासांचं प्रशिक्षण दिलं, उरलेल्यांना फक्त माहितीपत्रकं. ओळखीच्या माणसाच्या वागण्यातले धोक्याचे संकेत कसे ओळखायचे, संकोच कसा बाजूला सारायचा, मोठ्याने नकार कसा द्यायचा आणि शेवटी प्रतिकार कसा करायचा, असा तो क्रम होता. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्यांचं प्रमाण माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के होतं, तर प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. बारा तासांत एवढा फरक पडला. दोष मात्र पूर्णपणे गुन्हा करणाऱ्याचा, हे त्या वर्गात पुन्हा पुन्हा सांगितलं जात असे. कुंडई आणि वेर्णा इथल्या औद्योगिक वसाहतींत कामाच्या पाळीवर जाणाऱ्या मुलींसाठी मराठी-कोकणीतून असं काही सुरू व्हावं, असं मला मनापासून वाटतं. आणि घरात पाहुण्याला मिठी मारायला लहान मुलाने नकार दिला तर जबरदस्ती करू नये. सराव तिथूनच सुरू होतो.

ओरडण्याचाही सराव करावा लागतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा वेगाने चढते-उतरते. नेहमीच्या बोलण्यात असा खरखरीतपणा नसतो, धोक्याच्या भोंग्यात मात्र असतो, आणि ऐकणाऱ्याचा अमिग्डला त्यानेच जागा होतो. लोक जागे झाले तरी मदतीला येत नाहीत, अशी आपली समजूत आहे. ती बऱ्याच अंशी चुकीची निघाली. ब्रिटनमधलं लँकेस्टर, नेदरलँड्समधलं ॲम्स्टरडॅम आणि दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन या शहरांतल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. दहापैकी नऊ भांडणांत कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं, आणि जवळपास माणसं जास्त असली की ती शक्यता वाढत होती. म्हणून पळताना अंधारी पळवाट शोधू नये, दिवे आणि माणसं असतील तिकडे धावावं. बसस्टँडवरचा गाडा, पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) उभे राहतात ती जागा, मंडपातली गर्दी, उघडं असलेलं कुठलंही दुकान चालेल.

पर्समधल्या मिरचीपुडीबद्दल थोडं. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही१ या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. हाच ग्राही भाजण्याइतक्या उष्णतेचीही वर्दी देतो, म्हणून डोळे खरोखर जळल्यासारखे होतात. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये त्याचा शोध लावला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पेपर स्प्रेमध्ये मिरचीचा हाच अर्क असतो. पण समोरून वारा येत असेल तर पूड आपल्याच तोंडावर परत येते, आणि पर्सच्या तळाशी असलेला डबा थरथरत्या बोटांना सापडत नाही. स्प्रे घ्यायचाच असेल तर तो हातात हवा आणि वारा पाठीवर.

प्रसंग हातघाईवर आलाच तर कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाचा हक्क देतात. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं रक्षण त्यात येतं. त्याला मर्यादाही आहेत. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि धोक्याची वाजवी भीती संपली की हक्कही संपतो. खाली पडलेल्या किंवा पळणाऱ्या माणसाला मारलं तर तो बचाव राहत नाही.

सुटका झाल्यावर ११२ वर फोन करावा. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. पेडण्यात घडलेल्या प्रकाराची नोंद काणकोणच्या ठाण्यालाही घ्यावी लागते आणि पुढे ती योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यात सापडलेल्या व्यक्तीवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीने आणि मोफत प्रथमोपचार करायचे असतात. एफआयआर झालेली नसली तरी.