केजीएफ पुन्हा सुरू करायची तर आधी ढिगारे उकरा
कोलारची सोन्याची खाण (कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजेच केजीएफ) परत सुरू होणार अशी बातमी अधूनमधून येते, आणि लगेच सगळ्यांना वाटतं की आता खाणीत माणसं उतरवणारे पाळणे हलणार, माणसं हेल्मेट घालून परत तीन किलोमीटर खाली जाणार. तसलं काही होत नाहीये, निदान लवकर तरी नाही. जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने ज्याला होकार दिला ते काम खाणीच्या आतलं नाहीच, सोनं काढून उरलेल्या गाळाच्या, बाहेर पडलेल्या १३ ढिगाऱ्यांच्या लिलावाचं आहे, साधारण हजार एकर पसारा. तिकडे त्यांना सायनाइडचे डम्पच म्हणतात.

खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली ती सोनं संपलं म्हणून नव्हे, परवडेना म्हणून. सुरुवातीच्या काळात टनभर दगडातून ४० ग्रॅमच्या वर सोनं निघायचं, शेवटी शेवटी ते तीनेक ग्रॅमवर आलं, आणि तेव्हा सोन्याचा भाव होता औंसाला २७० डॉलरच्या आसपास. २०२५ मध्ये तोच भाव ४००० डॉलरच्या वर गेला. दगड तोच, सोनं तेवढंच, पण काल जो दगड फेकून द्यायचा तो आज धातुक, म्हणजे धातू काढणं परवडेल असा दगड, ठरतो. बंद खाणी परत उघडायचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं, नवीन शिरा वगैरे सापडणं नंतरची गोष्ट.

मग खालीच का नाही जायचं? कारण खाली पाणी आहे. खाण चालू असताना पंप रात्रंदिवस चालतात, ते बंद केले की भूजल हळूहळू वर चढतं. चॅम्पियन रीफ ही तिथली सगळ्यात खोल खाण, जवळपास ३.२ किलोमीटर. एवढं पाणी उपसायचं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम, शिवाय पाण्यात राहून लाकडी टेकू कुजलेले, लोखंड गंजलेलं, बोगदे कुठे ढासळलेत ते आत गेल्याशिवाय कळणार नाही. आणि एवढ्या खोलीवर वरच्या खडकाचा दाब हवेच्या दाबाच्या आठशे पट तरी असतो. दगड काढून पोकळी केली की बाजूचा खडक हा दाब सोसत राहतो आणि मग एखाद्या दिवशी स्फोट व्हावा तसा फुटतो, त्याला रॉकबर्स्ट म्हणतात. केजीएफ यासाठी इतकी बदनाम होती की खडकांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९८८ मध्ये तिथेच काढली. त्यात भर म्हणजे खडकाचं तापमान साठ अंशांच्या पुढे, म्हणजे आधी थंड हवा खाली सोडायची, मग माणूस. माझं स्पष्ट मत, हे सगळं करून निघणारं सोनं आजच्या भावातसुद्धा महागच पडेल.

ढिगाऱ्याचं गणित वेगळं आहे. शतकभरात तिथे तीन कोटी टनांहून जास्त बारीक गाळ साठलाय. त्यात टनामागे एक ग्रॅमसुद्धा सोनं नाही. एक ग्रॅम सोनं म्हणजे जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि तेही एका जागी नाही, डोळ्याला न दिसणाऱ्या कणांत टनभर मातीत विखुरलेलं. तरी परवडू शकतं, कारण सुरुंग लावून झालाय, दगड वर आणून झालाय आणि मुख्य म्हणजे दळून झालाय. सोन्याच्या धंद्यात सगळ्यात जास्त वीज खाते ती दळणी, आणि तिचा खर्च आजोबा-पणजोबांच्या पिढीने करून ठेवलाय!

सोनं मागे राहिलंच कसं? सोनं सायनाइडच्या द्रावणात विरघळवून काढायची पद्धत १८८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये निघाली, त्याआधी दगड कुटून पाऱ्याने सोनं धरायचे, त्यात बरंच निसटायचं. पुढे सायनाइड आलं तरी पायराइट, आर्सेनोपायराइटसारख्या गंधकाच्या खनिजांच्या आत अडकलेल्या कणापर्यंत ते पोचतच नाही. आता तो गाळ अजून बारीक दळतात, सायनाइडच्या पातळ द्रावणात हवा सोडत घोळवतात (ऑक्सिजन नसेल तर सोनं विरघळत नाही) आणि त्यातच नारळाच्या करवंटीपासून केलेल्या कोळशाचे दाणे टाकतात. विरघळलेलं सोनं कोळशाला चिकटतं, दाणे गाळापेक्षा जाड असल्यामुळे चाळणीने अलगद वेगळे होतात. जोहान्सबर्गजवळ १९७० च्या दशकापासून जुने ढिगारे असेच पाण्याच्या फवाऱ्याने फोडून परत गाळले जातायत, म्हणजे प्रयोग वगैरे काही नाही, चालू धंदा आहे.

मला जास्त काळजी सोनं काढून झाल्यावर उरणाऱ्या गाळाची वाटते, कारण टनातला ग्रॅम काढला तरी माती टनभरच राहते. शिवाय आता ती जास्त बारीक, म्हणजे वाऱ्याबरोबर आणखी लांब उडणार, आणि सिलिकाची ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. गंधकाची खनिजं हवा-पाण्याला नव्याने उघडी पडली की आम्ल तयार होतं, त्यात आर्सेनिकही सुटू शकतं. त्यामुळे लिलावाच्या कागदांत मी आधी हे बघेन की नवीन गाळ कुठे टाकणार, तिथे खाली अस्तर घालणार का, आणि त्यावर झाडझाडोरा कोणी आणि कोणाच्या पैशाने लावायचा.