एक्स-रे काढला, आणि मग कळलं दिवस गेलेत

एक्स-रेच्या खोलीच्या दारावर एक पाटी असते: गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर तंत्रज्ञांना आधी सांगा. पाटी एवढंच म्हणते. वाचणाऱ्याच्या मनात मात्र 'गरोदर बायकांना इथे मनाई आहे' असंच उमटतं, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

नेहमी घडणारा प्रसंग घ्या. कंबर धरली म्हणून एका बाईंनी कमरेचा एक्स-रे काढून घेतला. आठ-दहा दिवसांनी पाळी चुकली, घरी तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. आनंद तासभर टिकला. मग एक्स-रे आठवला, सासूबाईंचा चेहरा उतरला, मोबाईलवर शोधाशोध झाली, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी डॉक्टरांपुढे पहिलाच प्रश्न: "मॅडम, हे बाळ ठेवायचं की नाही?"

या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत मिळतं, म्हणून आधी माप बघू. किरणांनी एक किलो शरीरात एक ज्यूल ऊर्जा सोडली तर ती मात्रा एक ग्रे. तिचा हजारावा भाग म्हणजे मिलिग्रे. माती, दगड, आकाश आणि आपलं अन्न यांतून किरणोत्सर्ग सतत येतच असतो. नऊ महिन्यांत पोटातल्या बाळाला त्यातून साधारण ०.५ ते १ मिलिग्रे मिळतात, आई एकदाही दवाखान्याची पायरी चढली नाही तरी.

आता छातीचा एक्स-रे. बाळापर्यंत पोहोचणारी मात्रा जास्तीत जास्त ०.०१ मिलिग्रे, बहुतेकदा त्याहून कमी. दाताचा किंवा हातापायाचा एक्स-रे तर मोजण्यातही येत नाही, कारण किरणांचा झोत गर्भाशयापासून दूर असतो. मुंबईहून न्यूयॉर्कला विमानाने जाताना उंचीवर जे वैश्विक किरण लागतात, त्यांची मात्रा छातीच्या एक्स-रेतून बाळाला मिळणाऱ्या मात्रेच्या काही पट असते. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आजीच्या तिकिटावर कुणी धोक्याची चिठ्ठी डकवत नाही.

पोट आणि कंबर यांचं गणित वेगळं, कारण तिथे बाळ थेट झोतात येतं. पोटाचा साधा एक्स-रे ०.१ ते ३ मिलिग्रे, कमरेच्या मणक्यांचा १ ते १०. पोटाचा सीटी स्कॅन याहून बराच जड: यंत्र आणि तपासणीची पद्धत यांप्रमाणे १ पासून ३५ मिलिग्रेपर्यंत. आणि व्यंग किंवा गर्भपात घडवण्याइतकी इजा? ५० मिलिग्रेच्या खाली असा धोका वाढल्याचं आढळलेलं नाही. किरणसुरक्षेवरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० साली स्पष्ट लिहिलं की १०० मिलिग्रेच्या आतल्या मात्रेसाठी केवळ किरणांच्या भीतीने गर्भपात करणं समर्थनीय नाही.

मग ही भीती आली कुठून? ती हवेतून आलेली नाही. हिरोशिमा आणि नागासाकीवर बाँब पडले तेव्हा आईच्या पोटात असलेल्या सुमारे १,६०० मुलांवर संशोधकांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. त्यांतल्या ३० जणांना तीव्र बौद्धिक अक्षमता आली. त्यांत एक गोष्ट ठळक दिसली: सर्वाधिक इजा झाली ती गर्भधारणेनंतर ८ ते १५ आठवड्यांच्या दरम्यान किरण लागलेल्या मुलांना, कारण मेंदूच्या पेशी तेव्हा झपाट्याने वाढत आणि आपापल्या जागी सरकत असतात. आठव्या आठवड्याच्या आधी आणि पंचविसाव्यानंतर हा परिणाम दिसला नाही. (आपल्याकडे डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे त्यांच्या हिशेबात हे १० ते १७ आठवडे. दोन आठवड्यांच्या या फरकाने किती घरांत गोंधळ घातला असेल कोण जाणे.) तिथेही इजेसाठी लागणारी मात्रा मोठी असते, किमान ६० मिलिग्रे, बहुधा त्याच्या कितीतरी पुढे.

गर्भधारणेनंतरचे अगदी पहिले दोन आठवडे आणखी वेगळे. तेव्हा गर्भ म्हणजे मूठभरही नसलेल्या, अजून कामं न वाटून घेतलेल्या पेशी. मोठी मात्रा बसली तर गर्भ टिकत नाही, टिकला तर पुढे निरोगी वाढतो. अधलंमधलं काही नाही.

दुसरा धागा ऑक्सफर्डचा. ॲलिस स्टुअर्ट या डॉक्टरबाईंनी १९५० च्या दशकात कॅन्सरने दगावलेल्या मुलांच्या आयांना साधे प्रश्न विचारले: गरोदरपणात काय काय झालं होतं? त्या काळी बाळाची स्थिती आणि आईच्या कटीराचं (ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीचं) माप बघायला पोटाचे एक्स-रे सर्रास काढत. असे एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांत कॅन्सर जास्त दिसला. १९५६ आणि १९५८ साली त्यांनी हे छापलं, आणि वैद्यकविश्वाने बराच काळ नाक मुरडलं. आयांना आठवतं ते किती खरं, असा आक्षेप होता. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेत ब्रायन मॅकमॅहन यांनी आठवणींवर न विसंबता रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तरी धोका सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला निघाला.

चाळीस टक्के! ऐकून पोटात गोळा येतो. पण कशाचे चाळीस टक्के? बालपणी कॅन्सर मुळातच विरळा, ५०० मुलांत साधारण एकाला. पोटात असताना १० मिलिग्रे मिळाले, तर त्या धोक्यात अंदाजे १,७०० मुलांमागे एकाची भर पडते. छातीच्या एक्स-रेच्या मात्रेला तोच हिशेब लावला तर सुमारे १७ लाखांत एक. पोटाचा एक्स-रे उगाच काढू नये, हे स्टुअर्टबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. योगायोग असा की १९५८ मध्येच ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातलं चित्र काढून दाखवलं. आजची सोनोग्राफी तीच. तिच्यात असले किरण मुळीच नसतात.

शिशाच्या एप्रनबद्दल एक कडवट सत्य. छातीचा एक्स-रे काढताना पोटावर एप्रन बांधला की बाईंना हायसं वाटतं. पण बाळापर्यंत जे थोडेफार किरण जातात, ते आईच्या शरीराच्या आतूनच विखरून जातात, बाहेरून नाही. ओल जोत्यातून वर चढत असताना छपरावर ताडपत्री अंथरण्यासारखा तो प्रकार. शिवाय यंत्राच्या मापनात शिसं आडवं आलं तर यंत्र मात्रा वाढवतं. म्हणून अमेरिकेच्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ही रीत सोडून द्यायला सांगितलं. झोत नेमका ठेवणं, फिल्म पुन्हा काढायची वेळ न येऊ देणं, याने खरं रक्षण होतं.

माझ्या मते जास्त नुकसान भीतीच करते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, वजन उतरतंय, संध्याकाळी ताप, आणि बाई एक्स-रेला नको म्हणतात. टीबी असेल तर तो आई आणि बाळ दोघांनाही पोखरतो. अपघातात जबर मार लागलेल्या गरोदर बाईचा सीटी स्कॅन 'बाळाला नको' म्हणून लांबवणं हा तर आईच्या जिवाशी खेळ. १९८६ मध्ये युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली. ग्रीसमध्ये पोहोचलेला किरणोत्सर्ग १ मिलिसिव्हर्टच्याही (इथे ढोबळमानाने मिलिग्रेएवढंच माप) खाली होता, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादांच्या जवळपासही नव्हता. तरीही पुढच्या महिन्यांत तिथे सुमारे २,५०० हव्या असलेल्या गर्भांचा गर्भपात झाला असावा, असा अंदाज १९८७ मध्ये एका अभ्यासाने मांडला. त्या गर्भांना धोका भीतीचा होता.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळच्या कोल्लम किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे, त्यात थोरियम हा किरणोत्सारी धातू. काही वाड्यांत नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांच्या कित्येक पट. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९९५ ते २०११ या काळात तिथली १ लाख ४० हजारांवर नवजात बाळं तपासली. जास्त आणि कमी किरणोत्सर्गाच्या भागांत जन्मजात व्यंगांचं प्रमाण वेगळं निघालं नाही.

सगळेच किरण मात्र एका माळेचे मणी नव्हेत. थायरॉइडसाठी दिलं जाणारं किरणोत्सारी आयोडीन बाळाच्या थायरॉइडमध्ये साठतं, ते गरोदरपणात देत नाहीत. कॅन्सरवरच्या रेडिएशन उपचाराची मात्रा तर तपासणीच्या हजारो पट, त्याचा निर्णय तज्ज्ञच घेतात. साधा एक्स-रे शरीरात काही मागे ठेवत नाही, बटण बंद की किरण बंद. अंगावर पाजणाऱ्या आईनेही म्हणून निश्चिंत असावं.

आता त्या कंबरदुखीच्या बाई. डॉक्टर विचारतील: कुठला भाग, किती फिल्म, कुठल्या तारखेला, शेवटची पाळी कधी. दोन फिल्म, म्हणजे फार तर १० मिलिग्रे, तेही गर्भ रुजायच्या सुमाराला. लागलंच तर वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ नेमका हिशेब काढून देतील. बहुतेक वेळा मात्र चिठ्ठीवर फॉलिक ॲसिडची गोळी आणि पहिल्या सोनोग्राफीची तारीख, एवढंच लिहिलेलं असतं.