टोर्नेडोत घर पडल्यावर: मूरचा बांधकाम नियम, विम्याचा दावा आणि फेमाचा अर्ज

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या मूर शहरात २० मे २०१३ रोजी ईएफ-५ (टोर्नेडोच्या मोजपट्टीवरचा सर्वात जोरदार) टोर्नेडो आला आणि २४ माणसं गेली. १९९९ च्या मे महिन्यातही हेच शहर झोडपलं गेलं होतं. लाकडी सांगाड्याची घरं बहुतेक वेळा एकाच क्रमाने मोडतात. गॅरेजचं रुंद दार आधी आत ढकललं जातं, वारा घरात शिरून छताला आतून वर रेटतो, आणि वासे भिंतीवर नुसते तिरपे खिळे ठोकून बसवलेले असले की अख्खं छत उचकटतं. मग भिंतींना वरून धरायला काही उरत नाही. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात; इथे आधी वासे फिरतात.

म्हणून मूरने २०१४ मध्ये नव्या घरांसाठी वेगळा नियम केला. ताशी १३५ मैल (सुमारे २१७ किमी) वारा धरून घर बांधायचं. वासा आणि भिंत धातूच्या क्लिपने जोडायची, वाशांमध्ये १६ इंचांपेक्षा जास्त अंतर नको, छताच्या प्लायवुडला कडेने दर ४ इंचांवर आणि मध्ये दर ६ इंचांवर आट्यांचा खिळा, आणि गॅरेजचं दारही तेवढा वारा सोसणारं. १३५ मैल म्हणजे ईएफ-२ ची वरची हद्द. ईएफ-५ च्या ऐन पट्ट्यात हे घरही टिकणार नाही, तिथे सेफ रूमच (वादळात जीव वाचवायला बांधलेली भक्कम खोली) हवी. पण मोठ्या टोर्नेडोतही बऱ्याच घरांना कडेचा, कमी वेगाचा वारा लागतो. क्लिप आणि खिळे कामाला येतात ते तिथे.

आता पैशांचं. विमा कंपनी घर होतं तसं उभं करण्याचा खर्च धरते, शहर मात्र परमिट देताना आजचा नियम लावतं. मधला फरक कोणी भरायचा? पॉलिसीत ‘ऑर्डिनन्स ऑर लॉ’ हे, नियमामुळे वाढलेला खर्च देणारं कलम शोधा. अनेक पॉलिसींत त्याची मर्यादा घराच्या विमा रकमेच्या १० टक्के असते. काहींत ते वेगळं विकत घ्यावं लागतं. हे वादळाआधी बघून ठेवायचं काम आहे. वारा-गारपिटीचं डिडक्टिबलही (दाव्यातला तुम्ही स्वतः भरायचा हिस्सा) तेव्हाच बघा. ते टक्क्यांत असेल तर ३ लाख डॉलरच्या घरावर २ टक्के म्हणजे ६ हजार डॉलर खिशातून.

या कलमाखाली दावा करताना ठेकेदाराकडून एकगठ्ठा आकडा घेऊ नका. नियमामुळे वाढलेली कामं (क्लिप, खिळे, गॅरेजचं दार) वेगळ्या ओळींत लिहून घ्या. सोबत परमिटची प्रत, शहराने नकाशावर मारलेले शेरे, पडझडीचे फोटो आणि पावत्या जोडा. ही रक्कम बहुधा खर्च झाल्यावरच मिळते. घर पूर्ण पाडून बांधायचं नसेल, नुसती दुरुस्ती असेल, तर कोणता नियम लागू ते परमिट खिडकीवर विचारून लेखी घ्या. वादळानंतर दोन दिवसांत दारात रूफर (छताचे ठेकेदार) उभे राहतात. ओक्लाहोमात त्यांची राज्याच्या कन्स्ट्रक्शन इंडस्ट्रीज बोर्डाकडे नोंदणी लागते, तेव्हा नंबर तपासल्याशिवाय सही नको.

फेमाची (केंद्र सरकारच्या आपत्ती विभागाची) मदत प्रत्येक टोर्नेडोनंतर मिळत नाही. राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर करून त्यात तुमच्या काउंटीला (जिल्ह्याला) वैयक्तिक मदत मंजूर केलेली असावी लागते. घर तुम्ही राहता तेच हवं; भाड्याने दिलेल्या दुसऱ्या घरासाठी काही नाही. भाडेकरू मात्र स्वतःच्या सामानासाठी अर्ज करू शकतात. मुदत साधारणपणे घोषणेपासून ६० दिवस.

आपल्या लोकांची गाडी अडते ती व्हिसावर. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक पात्र आहेत. एच-१बी वाले स्वतःच्या नावावर पात्र नाहीत. पण घरात १८ वर्षांखालचं, अमेरिकेत जन्मलेलं मूल राहत असेल, तर त्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर आई-वडील कुटुंबासाठी अर्ज करू शकतात. मूल पाळण्यात असलं तरी चालतं. ‘आपल्याला कुठलं मिळतंय’ म्हणून परस्पर सोडून देऊ नका.

अर्ज डिझास्टर असिस्टन्सच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा १-८००-६२१-३३६२ वर. सोशल सिक्युरिटी नंबर, पत्ता, उत्पन्न, बँक खातं, विम्याचा तपशील आणि मालकीचा पुरावा (डीड म्हणजे खरेदीखत, मॉर्गेज स्टेटमेंट किंवा प्रॉपर्टी टॅक्सची पावती) हाताशी ठेवा. विमा असेल तर आधी तिथे दावा, आणि त्यांचं मंजुरीचं किंवा नकाराचं पत्र फेमाला. त्याच नुकसानाचे पैसे दोनदा मिळत नाहीत. ‘अपात्र’ असं पत्र आलं तर घाबरायचं नाही; पुष्कळदा फक्त विम्याचं पत्र राहिलेलं असतं. अपिलाला पत्राच्या तारखेपासून ६० दिवस असतात.

तरीही कमी पडलं तर एसबीएचं (सरकारच्या लघुउद्योग खात्याचं) आपत्ती कर्ज आहे, नाव लघुउद्योगाचं असलं तरी घरमालकांनाही. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि मान्य झालेल्या नुकसानाच्या २० टक्क्यांपर्यंत जास्तीची रक्कम घर भक्कम करायला, उदाहरणार्थ सेफ रूमसाठी, मागता येते.

काम सुरू झालं की सीलिंग बंद व्हायच्या आधी शिडी लावून छताचं प्लायवुड खालून बघा. वाशाच्या बाजूला खिळ्यांची टोकं बाहेर दिसली, तर ते खिळे वाशात गेलेलेच नाहीत. फोटो काढा आणि ते पुन्हा मारून घेतल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.