रिप व्हॅन विंकल : कथेतील लोककथा-लक्षणे

अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग (१७८३–१८५९) याची कथा. ‘द स्केच बुक’च्या पहिल्या हप्त्यात १८१९ मध्ये प्रसिद्ध. न्यूयॉर्कमधील कॅट्सकिल डोंगरात परक्यांचे मद्य पिऊन वीस वर्षे झोपलेल्या रिपचे कथानक सर्वपरिचित आहे.

मूळ : याविषयीचा घोळ खुद्द अर्व्हिंगनेच घातला. कथेखालच्या टिपेत त्याने जर्मनीतील किफहॉयझर डोंगर आणि त्यात निजलेल्या सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाची दंतकथा यांकडे बोट दाखवले. डोंगर बरोबर होता, कथा नव्हे. ‘ओटमार’ या टोपणनावाने १८०० मध्ये छापलेली ‘पीटर क्लाउस’ हीच आधारकथा मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शेळ्या राखणारा पीटर एका शेळीच्या मागे त्याच डोंगरात शिरतो, नऊ खुंट्यांचा खेळ खेळणाऱ्या अबोल सरदारांच्या खुंट्या उभ्या करतो, त्यांचे मद्य पितो आणि फूटभर वाढलेली दाढी घेऊन वीस वर्षांनी गावात येतो. ओळख पटण्याचा संवादही दोन्हींकडे तोच : आधी मूल घेतलेल्या तरुणीचे नाव, मग तिच्या वडिलांचे, मग ‘त्याला वीस वर्षे झाली’. त्यामुळे या कथेला हडसन नदीकाठच्या डच वस्तीची अस्सल दंतकथा म्हणणे टिकत नाही. ती लिहिली गेली इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला.

दीर्घनिद्रेचा कल्पनाबंध (कथाकथांत पुन्हा पुन्हा येणारा घटक) लोककथांचा अभ्यासक स्टिथ टॉम्प्सन याच्या सूचीत ‘डी १९६०.१’ या क्रमांकाने येतो. ग्रीक दंतकथेतील एपिमेनिडीसची ५७ वर्षांची झोप आणि भागवतातील गुहेत निजलेला मुचुकुंद याच कुळातले. मात्र मुचुकुंदकथेचा इथे प्रभाव मानण्यास आधार नाही.

लक्षणे : पात्रे ठशाची आहेत. रिप भला पण घरकामाला आळशी. बायको कजाग, तिला स्वतःचे नावही नाही. डोंगरातले परके म्हणजे दर्यावर्दी हेन्री हडसन आणि त्याचे खलाशी; तो दर वीस वर्षांनी त्यांच्यासह परततो. ऐकीवपणाची साक्षही आहे : कथा दिवंगत निकरबॉकर या अर्व्हिंगच्या काल्पनिक इतिहासकाराच्या कागदांत सापडलेली, आणि तिच्या खरेपणाचा दाखला फुलीची सही केलेला, ती फुलीसुद्धा न्यायाधीशाच्याच हातची.

लोककथेचा साचा मोडतो तो काळापाशी. पीटरच्या गावात फक्त माणसे बदलतात. रिपच्या झोपेत अमेरिकन क्रांती उरकते. खाणावळीच्या पाटीवर इंग्लंडच्या राजा जॉर्जचा चेहरा तोच राहतो, पण लाल कोट निळा-बदामी होतो, राजदंडाच्या जागी तलवार येते आणि खाली ठळक अक्षरांत ‘जनरल वॉशिंग्टन’ लिहिलेले असते. पाटीखाली उभा राहून रिप स्वतःला राजाचा एकनिष्ठ प्रजाजन म्हणवतो आणि जमाव ‘हेर’ म्हणून त्याच्यावर उलटतो. जर्मन कथेत या प्रसंगाला जागाच नाही. तो सर्वस्वी अर्व्हिंगचा.