उकळी आली, आता आच बारीक करा

एकाच भांड्यात धान्य, कडधान्य आणि भाज्या शिजवल्या की घासायची भांडी कमी होतात, हे कुणी सांगायला नको. इंधन मात्र आपोआप वाचत नाही. बऱ्याच घरांत ते उकळी आल्यानंतरच सगळ्यात जास्त वाया जातं.

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं आणि उकळत असेपर्यंत त्याचं तापमान तिथेच राहतं. आच दुप्पट केली तरी आतला बटाटा १०० अंशांतच शिजणार. वरची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते आणि हा खर्च भलताच मोठा आहे. २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला साधारण ३१५ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेच उकळतं पाणी पूर्ण वाफेत बदलायला सुमारे २,२६० किलोज्यूल, म्हणजे सातपट! उघड्या भांड्यातून पाव लिटर पाणी उडून गेलं, तर तेवढ्या ऊर्जेत पावणेदोन लिटर थंड पाण्याला उकळी आली असती. आणि कोरडं पडलं म्हणून वरून थंड पाणी ओतलं, की तेही पुन्हा तापवणं आलंच. म्हणून झाकण ठेवायचं आणि आच इतकी बारीक करायची की उकळी जेमतेम टिकून राहील. जेवण तेवढ्याच वेळात तयार होतं.

पाण्याची ही १०० अंशांची मर्यादा ओलांडायची तर दाब वाढवावा लागतो. ही युक्ती जुनी आहे. देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिक संस्थेला घट्ट झाकणाचं, वाफ कोंडणारं भांडं दाखवलं. ते फुटू नये म्हणून त्याने त्यावर वजनाची सुरक्षा झडपही बसवली. पुढे १६८२ मध्ये त्याने सोसायटीच्या सदस्यांना याच भांड्यातलं जेवण वाढलं. जेवायला हजर असलेल्या जॉन एव्हलिन या इंग्रज लेखकाने रोजनिशीत मऊ झालेल्या हाडांबरोबर कोळशाचा हिशेबही लिहून ठेवला: आठ औंसांहून कमी, म्हणजे पाव किलोसुद्धा नाही. आजच्या कुकरमध्ये दाब वातावरणाच्या जवळपास दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दर १० अंशांमागे शिजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो असं धरलं, तर तासाभराचं काम पंधरा-वीस मिनिटांवर का येतं ते कळतं. इथेही नियम तोच. आतलं तापमान झडपेच्या वजनावर ठरतं, आचेवर नाही. दाब एकदा तयार झाला, की मोठ्या आचेने फक्त शिट्ट्या वाढतात.

एका भांड्याच्या स्वयंपाकात खरी कसरत असते ती क्रमाची. कडधान्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना धरून असतात. ते विरघळलं की दाणा मऊ होतो. आंबटपणा या विरघळण्याला अडवतो आणि जड (क्षारयुक्त) पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. त्यामुळे टोमॅटो किंवा लिंबू सुरुवातीलाच पडलं तर दाणे तासभर उकळूनही कडक राहू शकतात. आंबट नेहमी शेवटी. मिठाला मात्र उगाच बदनाम केलंय. भिजवण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातलं, तर त्यातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल लवकर मऊ होते. खाण्याचा सोडा त्याहून जलद काम करतो, पण ब१ जीवनसत्त्व नष्ट करतो. मी तो वापरण्यापेक्षा रात्री दाणे भिजत घालणं पसंत करेन.

खरपूस चवीचा मुद्दा वेगळा. लुई कामिय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केलेली अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि शर्करा यांच्यातली अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. पाण्यात बुडालेला कांदा तिथवर पोचूच शकत नाही. म्हणून कांदा आधी त्याच भांड्यात तेलावर परतायचा आणि मगच पाणी ओतायचं. तळाला चिकटलेला तपकिरी थर पाण्यात सुटतो आणि चव सगळीकडे पसरते. तेलाचा आणखी एक उपयोग म्हणजे गाजरातलं कॅरोटिन शरीरात शोषलं जायला त्याची मदत होते.

पोषणाचं गणित सोपं आहे. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, कडधान्यात ते भरपूर. कडधान्यात कमी पडणारं मेथिओनिन धान्य पुरवतं. शिवाय भाज्यांमधून पाण्यात उतरलेलं फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व आणि खनिजं ओतून न देता आपण खातो.

वेळ वाचवायला मंद आचेचे विजेचे कुकर वापरणाऱ्यांनी राजम्याबाबत जपावं. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन पोट चांगलंच बिघडवतं आणि ८० अंशांवर कितीही वेळ ठेवलं तरी त्याचा भरवसा नसतो. दाणे निदान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात आधी निदान दहा मिनिटं खळखळून उकळावेत, मग मंद कुकरमध्ये घालावेत.

दोन वेळचं एकदाच शिजवायचं असेल, तर उरलेलं मोठ्या भांड्यात तसंच ठेवू नये. भांडं जितकं मोठं, तितका आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी, म्हणून ते निवायला फार वेळ घेतं. ५ ते ६० अंशांच्या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढू शकतात. शिजवताना तगून राहिलेले बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू (उष्णता सोसणारं त्याचं सुप्त रूप) भातात जागे होतात आणि त्याच्या काही जातींचं विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. उरलेलं अन्न उथळ भांड्यांत पसरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं.