विनंती-मेथडची हाताळणी (वेब फ्रेमवर्क)

वेब ॲप्लिकेशनकडे येणाऱ्या प्रत्येक विनंतीत पत्त्याबरोबर काय करायचे आहे हे सांगणारा एक शब्द असतो: गेट, पोस्ट, पुट, पॅच, डिलीट. हा शब्द म्हणजे एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम) मधली मेथड. पत्ता एकच असला तरी मेथड पाहून वेगवेगळा कोड चालवणे, याला मेथडची हाताळणी म्हणतात.

१९९१ च्या एचटीटीपीत फक्त गेट होती. १९९६ च्या १.० आवृत्तीच्या दस्तऐवजात हेड आणि पोस्ट आल्या, १.१ मध्ये पुट, डिलीट, ऑप्शन्स वगैरे, आणि पॅचचे मानक २०१० मध्ये निघाले.

लातूरच्या मोंढ्यातल्या एखाद्या आडत दुकानाचे ॲप घेऊ. 'आवक' या पत्त्यावर गेट आली की दिवसभरात आलेली तूर-सोयाबीन दाखवायची. पोस्ट आली की नवी नोंद करायची. फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये (ॲप लिहिण्याच्या तयार सांगाड्यात) राऊटला, म्हणजे पत्ता आणि कोड यांच्या जोडणीला, मेथडची यादी दिली नाही, तर गेट, हेड आणि ऑप्शन्स एवढ्याच चालतात. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याने फॉर्म पोस्टने पाठवला की ४०५, म्हणजे 'मेथड नॉट अलाउड', हे उत्तर हमखास मिळते. जँगो या पायथनच्याच दुसऱ्या फ्रेमवर्कचे साधे फंक्शन मात्र कोणतीही मेथड अडवत नाही. तिथे तपासणी आपणच लिहायची, किंवा क्लास-व्ह्यू घेऊन गेट व पोस्टची फंक्शने वेगळी करायची. हा दुसरा मार्ग जास्त स्वच्छ. न लिहिलेल्या मेथडला ४०५ आपोआप जाते. एचटीएमएल फॉर्मला गेट आणि पोस्टपलीकडे काही पाठवता येत नाही. म्हणून रेल्स आणि लाराव्हेल ही फ्रेमवर्क फॉर्मातल्या एका लपवलेल्या रकान्यातून पुट किंवा डिलीट ओळखतात.

खरी कसोटी लागते ती रेंज कमी असताना. मुनिमाने चाळीस कट्टे सोयाबीन भरून 'नोंदवा' दाबले, चक्र फिरत राहिले, म्हणून पुन्हा दाबले. पहिली विनंती सर्व्हरवर पोचलेली असते, अडकलेले असते ते उत्तर. पोस्ट दोनदा आली की नोंदी दोन, आणि पट्टीवर ऐंशी कट्टे. पुट तशी नाही: ठरलेल्या नोंदीचे वजन तेच, ती कितीही वेळा आली तरी. पोस्टनंतर ३०३, म्हणजे 'दुसऱ्या पानावर जा' हे उत्तर, देऊन यादीच्या पानावर वळवले, तर पान रिफ्रेश केल्याने होणारी दुबार नोंद टळते. पण दोनदा दाबलेले बटण त्याने थांबत नाही. त्यासाठी फॉर्म उघडतानाच त्याला एक वेगळा क्रमांक द्यावा आणि डेटाबेसमध्ये त्या क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारे) घालावे. ग्रामीण भागात वापरायच्या प्रत्येक ॲपमध्ये हे असलेच पाहिजे.

गेटने फक्त वाचायचे, काही बदलायचे नाही, हा नियम मानकात आहे. फ्रेमवर्क तो पाळायला लावत नाही. 'नोंद काढा' ही साधी लिंक ठेवली तर तीही गेटच. २००५ मध्ये गूगलच्या वेब ॲक्सिलरेटरने (पाने लवकर उघडावीत म्हणून काढलेले सॉफ्टवेअर) पानांवरच्या लिंक आगाऊ उघडल्या, तेव्हा अशा लिंक असलेल्या काही ॲप्लिकेशनांतला लोकांचा डेटा खरोखर उडाला. शिवाय जँगोची सीएसआरएफ तपासणी (विनंती भलत्याच साइटवरून तर आली नाही ना, हे पाहणारी) गेटला लागूच होत नाही. गेटवर डेटा बदलणारा कोड लिहिला, की लॉगिन केलेल्या आडत्याला भलत्याच साइटवर नेऊन त्याच्याच नावाने नोंद पुसून घेता येते.